क्युबाची क्रांती, साखर आणि एकच गिऱ्हाईक

उसाचा_फड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी ३१ वर्षं गेली. रसाचा ब्रिक्स (दाटपणाचं माप), उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण), मळीतली शुद्धता, यातच हयात गेली म्हणा ना. नोकरीला लागलो तेव्हा आमचे चीफ केमिस्ट क्युबाला साखरधंद्याची पंढरी म्हणायचे. तेव्हापासून त्या देशाबद्दल मिळेल ते वाचत आलो. मराठीत १९५९ च्या क्रांतीबद्दल जे लिहिलं गेलं त्यात फिडेल कास्त्रो आणि चे गव्हेरा यांचा पराक्रम भरपूर असतो, साखर मात्र दोन ओळींत उरकलेली असते. मला तो देश साखरेवरूनच कळला, म्हणून हा धागा.

क्रांतीच्या आधी क्युबाच्या निर्यातीतले पाचातले चार हिस्से साखरेचे होते. त्यातली निम्म्याहून जास्त साखर अमेरिका घ्यायची, ठरलेल्या कोट्याने आणि बहुतेक वर्षी जागतिक बाजारापेक्षा चढ्या भावाने. कुणालाही हेवा वाटावा असा सौदा. पण कोटा ठरायचा वॉशिंग्टनमध्ये, आणि बदल्यात अमेरिकी माल सवलतीच्या जकातीने क्युबात उतरायचा, त्यामुळे घरचा दुसरा कुठला धंदा मूळ धरत नव्हता. खुद्द जॉन केनेडींनी ६ ऑक्टोबर १९६० ला सिनसिनाटीच्या प्रचारसभेत हिशेब मांडला होता : १९५९ च्या सुरुवातीला क्युबातल्या उसाच्या जमिनींपैकी सुमारे ४०%, खाणींपैकी तब्बल ९०%, आणि वीज-टेलिफोनसारख्या सेवांपैकी ८०% अमेरिकी कंपन्यांच्या हातात होत्या.

आता फडातला माणूस बघा. तोडणीच्या हंगामाला तिथे साफ्रा म्हणतात. तो तीन-चार महिने चालायचा. उरलेल्या वर्षाला लोकांनी नाव ठेवलं होतं 'तिएंपो मुएर्तो', म्हणजे मेलेला काळ. आपल्याकडे पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की तोडणीच्या टोळ्या गावी परततात, कोरडवाहू का होईना, पेरायला तुकडा असतो. तिथल्या बहुतेक तोडकऱ्यांकडे तोही नव्हता. दुकानदाराच्या वहीत उधारी चढवत पुढच्या हंगामाची वाट बघायची, एवढंच.

१ जानेवारी १९५९ ला हुकूमशहा बातिस्ता पळाला. १७ मे १९५९ ला जमीनसुधारणा कायदा आला : सर्वसाधारणपणे ४०२ हेक्टरांवरची जमीन सरकारजमा. भरपाई म्हणून २० वर्षांचे रोखे, व्याज ४.५%. मेख होती ती किमतीत. जमिनीची किंमत मालकाने करासाठी स्वतः जी नोंदवली होती, तीच धरायची. कर वाचावा म्हणून कंपन्यांनी वर्षानुवर्षं ती कवडीमोल दाखवली होती. खरेदीखतावर कमी आकडा टाकणाऱ्या आपल्या लोकांना यातला पेच सांगायला नको. अमेरिकेने रोख, तातडीने आणि पुरेपूर भरपाई मागितली. भांडणाचं मूळ तिथे आहे, मार्क्सवादात नंतर.

पुढचं सगळं अकरा महिन्यांत घडलं. फेब्रुवारी १९६० मध्ये सोव्हिएत उपपंतप्रधान मिकोयान हवानात आले. १० कोटी डॉलर्सचं कर्ज, त्या वर्षी सव्वाचार लाख टन आणि पुढची चार वर्षं दरसाल १० लाख टन साखर घ्यायचा करार झाला. बदल्यात तेल येणार. जूनमध्ये टेक्साको, एस्सो आणि शेल यांनी ते तेल शुद्ध करायला नकार दिला. क्युबाने शुद्धीकरण कारखाने ताब्यात घेतले. ६ जुलैला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवरनी त्या वर्षाच्या उरलेल्या कोट्यातली ७ लाख टन साखर कापली. ऑगस्टमध्ये क्युबाने अमेरिकी साखर कारखाने, वीज आणि टेलिफोन कंपन्या ताब्यात घेतल्या. ऑक्टोबरात अमेरिकेने निर्यातबंदी लादली. ३ जानेवारी १९६१ ला राजनैतिक संबंध तुटले.

७ लाख टन म्हणजे काय, ते मी पोत्यांत मोजतो. शंभर किलोचं एक पोतं धरलं तर ७० लाख पोती. गोदाम भरलेलं आहे, पुढचा हंगाम उभा आहे आणि गिऱ्हाईक म्हणतं, नको. तेव्हा जो कुणी "मी घेतो" म्हणेल त्याच्या दारात जावंच लागतं. क्युबा सोव्हिएत गोटात गेला त्यात विचारसरणी किती आणि गोदाम किती, यावर मला तुमची मतं हवी आहेत. माझं मत सांगून टाकतो : मालक बदलले, झेंडे बदलले, पण पीक एक आणि गिऱ्हाईक एक हे दुखणं तसंच राहिलं, आणि परदेशांशी नाती त्या दुखण्याच्या मागोमाग फरफटत गेली.

-----

रानजाई

काका, लेख आवडला, पण साखरेत माणूस हरवू नये म्हणून लिहिते.

१९६१ हे वर्ष क्युबाने साक्षरतेला दिलं. शाळा बंद ठेवून सुमारे १ लाख विद्यार्थी डोंगरात, फडांत शिकवायला गेले. त्यातली कित्येक बारा-तेरा वर्षांची पोरं. सामान म्हणजे झोळीचा पाळणा, दोन पुस्तकं आणि एक कंदील. दिवसा त्या घरच्या माणसांबरोबर शेतात राबायचं, रात्री कंदिलाभोवती पाटी-पुस्तक. वर्षअखेर ७ लाखांवर लोक लिहा-वाचायला शिकले, निरक्षरता २३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आली. शेवटची परीक्षा काय, तर फिडेलला स्वतःच्या हाताने पत्र लिहायचं. ती पत्रं हवानातल्या संग्रहालयात जपून ठेवली आहेत, आणि ते संग्रहालय ज्या आवारात आहे ती पूर्वी बातिस्ताची लष्करी छावणी होती.

साक्षरता अभियानात मी स्वतः दोन वर्षं रात्रीचे वर्ग घेतलेत. साठीतल्या एका आजीला 'र' शिकवताना तिची बोटं पेन्सिलीला खुरप्यासारखी धरायची. त्या बोटांतून नाव उमटलं तेव्हा ती पाटी पुसू देईना. म्हणून मला ७ लाख हा आकडा नुसता आकडा वाटत नाही.

आणि हे सगळं चालू होतं तेव्हा १७ एप्रिलला पिग्जच्या उपसागरात, सीआयए या अमेरिकी हेरसंस्थेने हल्ल्यासाठी तयार केलेले सुमारे १४०० निर्वासित क्युबन उतरत होते. कॉनरादो बेनितेस हा अठरा वर्षांचा शिक्षक त्याआधी जानेवारीतच बंडखोरांनी मारला. शिकवणाऱ्या पोरांच्या पथकांना त्याचंच नाव दिलं होतं.

-----

पाटीलबुवा

रानजाई ताई, साक्षरतेबद्दल दुमत नाही. पण "अमेरिकेने ढकललं म्हणून बिचारे रशियाकडे गेले" हे अर्धंच खरं आहे.

फिडेल एप्रिल १९५९ मध्ये अमेरिकेला गेले, आम्ही कम्युनिस्ट नाही असं जाहीर सांगितलं. आयझेनहॉवर भेटले नाहीत, उपाध्यक्ष निक्सनवर भागवलं. हा अपमान खराच. पण त्याच वर्षी घरात काय चाललं होतं? झटपट खटले चालवून पहिल्या काही महिन्यांतच शेकडो लोकांना गोळ्या घातल्या. ऑक्टोबरात उबेर मातोस या क्रांतीतल्याच सेनापतीने, कम्युनिस्टांचा शिरकाव वाढतोय म्हणून राजीनामा दिला, तर त्याला २० वर्षं तुरुंग. त्याने ती सगळी भोगली. निवडणुकांचं वचन होतं, त्या झाल्या नाहीत. साखरेचा कोटा कापला तो याच्या नंतर.

साखर कुणालाही विकता येते, काका. स्वतःच्या सहकाऱ्याला २० वर्षं कोंडायला कुठलं गोदाम भाग पाडत नाही.

-----

उसाचा_फड

पाटीलबुवा, मातोसचा मुद्दा मान्य. त्याला उत्तर नाही आणि मी ते शोधणारही नाही.

पण दुसऱ्या बाजूचे कागदही आता उघडे आहेत. १७ मार्च १९६० ला आयझेनहॉवरनी फिडेलचं सरकार उलथवायच्या सीआयएच्या योजनेला मंजुरी दिली. ६ एप्रिल १९६० ला परराष्ट्र खात्यातल्या लेस्टर मॅलरी यांनी टिपण लिहिलं. त्याचा मतितार्थ असा : बहुसंख्य क्युबन कास्त्रोच्या पाठीशी आहेत, तेव्हा पैसा आणि पुरवठा तोडून भूक आणि हताशा निर्माण करावी, म्हणजे सरकार पडेल. कोटा कापायच्या तीन महिने आधीचा हा कागद आहे.

म्हणजे आपण दोघंही बरोबर असू शकतो. हवानातली सत्ता विरोधक चिरडत होती आणि वॉशिंग्टन लोकांच्या ताटाला हात घालत होतं. मधे सापडला तो माचेतेरो, कोयतेवाला.

-----

नेफा_६२

या धाग्यात भारताचं पान राहून जाऊ नये.

नवं सरकार आल्यावर भारताने लगेच मान्यता दिली. चे गव्हेरा १९५९ च्या जून अखेर दिल्लीत आले, नेहरूंना भेटले. सप्टेंबर १९६० मध्ये राष्ट्रसंघाच्या अधिवेशनासाठी गेलेले फिडेल हार्लेमच्या थेरेसा हॉटेलात उतरले होते, तिथे नेहरू त्यांना भेटायला गेले.

माझ्या घरात मात्र क्युबाचं नाव दुसऱ्याच कारणाने निघायचं. आमचे चुलते १९६२ ला नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, सैन्यात होते. ते सांगायचे, आमच्या अंगावर सुती कपडे होते आणि जगाचं लक्ष क्युबाकडे होतं. तारखा लावून बघा. १६ ऑक्टोबरला केनेडींच्या टेबलावर क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांचे फोटो आले. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. २२ ला केनेडींचं नाकेबंदीचं भाषण. अमेरिकेशी अणुयुद्धाच्या तोंडावर असताना सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना चीन आपल्या बाजूला हवा होता, म्हणून २५ ऑक्टोबरच्या 'प्रावदा' या सोव्हिएत पक्षाच्या दैनिकाने चीनची बाजू उचलून धरली, मॅकमहोन रेषेला नावं ठेवली. ज्या रशियावर नेहरूंची भिस्त, त्याने ऐन वेळी पाठ फिरवली. क्षेपणास्त्रांचा पेच सुटल्यावर मॉस्कोचा सूर पुन्हा बदलला, तोवर तवांग गेलं होतं.

हवानातली क्रांती आणि नेफातला शिपाई, मधे अर्धं जग. तरी धागा सरळ जातो.

-----

कृष्णाकाठ

बापरे, या तारखा अशा शेजारी ठेवून कधी बघितल्याच नव्हत्या. वाचतोय, चालू द्या.

-----

पाटीलबुवा

नेफा_६२ सर, उत्तम. त्याच पेचात क्युबाचं काय झालं तेही लिहितो.

२७ ऑक्टोबरला क्युबावर अमेरिकी यू-२ हेरविमान पाडलं, वैमानिक ठार झाला. दुसऱ्या दिवशी ख्रुश्चेव्हनी क्षेपणास्त्रं काढून न्यायचं कबूल केलं आणि ते रेडिओवरून जाहीर केलं. फिडेलना कुणी विचारलं नव्हतं. ज्यांच्या जमिनीवर हे सगळं उभं होतं त्यांना बातमी बातमीसारखीच कळली. केनेडींनी तुर्कस्तानातली ज्युपिटर क्षेपणास्त्रं हलवायचं गुपचूप मान्य केलं, क्युबातला ग्वांतानामोचा अमेरिकी नाविक तळ मात्र आहे तिथेच राहिला. फिडेलनी मागितलेल्या पाच गोष्टींत तो तळ सोडण्याची मागणी होती. (त्या तळाचं वर्षाचं भाडं ४,०८५ डॉलर्स. १९५९ चा एक धनादेश वटला, नंतरचे फिडेलनी वटवलेच नाहीत.)

रागावलेल्या फिडेलची समजूत काढायला पुन्हा मिकोयानच आले. ते हवानात असतानाच मॉस्कोत त्यांची पत्नी वारली. ते परत गेले नाहीत, बोलणी करत राहिले. एका म्हाताऱ्या माणसाला बायकोच्या अंत्यविधीला मुकावं लागलं, एवढं ते प्रकरण नाजूक होतं.

त्यानंतर सोव्हिएतांवर अवलंबून राहणं म्हणजे काय ते १९६८ ला दिसलं. चेकोस्लोव्हाकियात, प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हा लहान देशांच्या स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या फिडेलनी त्या कारवाईचं समर्थन केलं. त्या वर्षाच्या सुरुवातीला सोव्हिएत तेलाचा पुरवठा आखडला होता, हे लक्षात ठेवा. १९७९ ला अलिप्त चळवळीचं अध्यक्षपद हवानाकडे आलं आणि डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या. राष्ट्रसंघात निषेधाच्या ठरावाविरुद्ध क्युबाने मत दिलं आणि सुरक्षा परिषदेची जवळ आलेली जागा गमावली.

-----

रानजाई

अंगोला विसरू नका. तिथे क्युबा मॉस्कोच्या सांगण्यावरून गेला नव्हता. नोव्हेंबर १९७५ मध्ये वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेची फौज लुआंडाकडे निघाली तेव्हा फिडेलनी स्वतःच्या निर्णयाने सैन्य पाठवलं. १९८८ च्या करारापर्यंत ३ लाखांहून जास्त क्युबन तिथे जाऊन आले, २ हजारांवर मेले. त्या करारातून नामिबिया स्वतंत्र झाला. मंडेला तुरुंगातून सुटल्यावर हवानात जाऊन आभार मानून आले. लहान देशाने हे केलं, यालाही परराष्ट्रसंबंधच म्हणतात.

-----

मीना_टँपा

मी फ्लोरिडात २२ वर्षं राहते. इथे क्युबा हा इतिहासाचा विषय नाही, शेजारच्या टेबलावरचा आहे.

आमच्या ऑफिसातले एक सहकारी नऊ वर्षांचे असताना एकटे इथे आले. १९६० ते ६२ मध्ये १४ हजारांवर मुलं अशी आई-बापांनी विमानात बसवून पाठवली, सरकार मुलं ताब्यात घेणार या भीतीने. हवानाच्या विमानतळावर काचेची खोली होती, तिला लोक 'पेसेरा' म्हणायचे, माशांची पेटी. काचेच्या आत मुलं, बाहेर आई-बाप, आवाज ऐकू येत नाही. वडील काचेपलीकडून ओठांनी काहीतरी सांगत होते, ते काय हे त्यांना कळलं नाही. आई-वडील इथे पोचायला पाच वर्षं लागली. तोवर हे सहकारी स्पॅनिशमध्ये अडखळायला लागले होते.

वडिलांचं कामाग्वेइ शहरात औषधांचं दुकान होतं. ते काही युनायटेड फ्रूटसारखी बडी अमेरिकी कंपनी नव्हते. १९६८ मध्ये तर उरलीसुरली ५५ हजारांवर छोटी दुकानं, टपऱ्या, गॅरेज सगळं सरकारने घेतलं. वडापावची गाडी सरकारजमा करावी तसं. पाटीलबुवांचा मुद्दा मला या घरावरून कळतो. क्रांतीच्या वेळी देशात ६ हजार डॉक्टर होते, त्यातले निम्मे निघून गेले. शिकलेली माणसं ही पण निर्यातच झाली म्हणायची, फक्त तिचा भाव कुणी दिला नाही.

-----

भटकी_वाट

२०१८ मध्ये हवानात दहा दिवस होते. रेशनच्या दुकानाचं वर्णन करते.

त्याला बोदेगा म्हणतात. लांबच लांब लाकडी काउंटर, मागे रिकाम्या फळ्या, एक जुना तराजू आणि भिंतीवर काळा फळा. फळ्यावर खडूने लिहिलेलं : तांदूळ, साखर, काळा घेवडा, तेल, आणि पुढे 'आलं' किंवा 'नाही आलं'. प्रत्येक घराकडे 'लिब्रेता' ही वही. १९६२ पासून चालू आहे. वाणी पेनने त्यात टिकमार्क करतो. रोज माणशी एक छोटा पाव. मी जिच्या घरी उतरले होते ती बाई म्हणाली, महिन्याचं रेशन दहा-बारा दिवस पुरतं, पुढचं 'रेसोल्वेर'. हा शब्द तिथे दिवसातून वीसदा ऐकू येतो : जमवणं, भागवणं. पण तिच्याच मुलीचं मेंदूचं ऑपरेशन एक पैसा न घेता झालं होतं, हेही तिने सांगितलं. दोन्ही गोष्टी तिने एकाच दमात, एकाच आवाजात सांगितल्या.

-----

कृष्णाकाठ

काका, साखरेचं पुढे काय झालं? धागा तिथून सुरू झाला होता.

-----

उसाचा_फड

सांगतो. १९७० ला फिडेलनी १ कोटी टनांचं लक्ष्य धरलं. कारकून, विद्यार्थी, शिपाई, सगळे फडात. आमच्या धंद्यात कुणीही सांगेल, नवशिक्याने तोडलेल्या उसात बुडखा रानात राहतो, पाचट मोळीत येतं आणि उतारा पडतो. गाळायला उशीर झाला की वजन घटतं ते वेगळंच. साखर झाली ८५ लाख टन. आजवरचा त्यांचा उच्चांक, पण त्यापायी बाकीची शेती आणि कारखानदारी उघडी पडली. २६ जुलैच्या भाषणात फिडेलनी अपयश कबूल केलं. १९७२ ला क्युबा कॉमेकॉन या सोव्हिएत गटाच्या आर्थिक संघटनेत गेला, सोव्हिएत गटाने साखर बाजारभावाच्या कितीतरी पट दराने घ्यायला सुरुवात केली. ऐंशीच्या दशकात तर वाचवलेलं सोव्हिएत तेल परत विकून क्युबा डॉलर मिळवत होता. स्वतःचं पुरेसं तेल नसलेला देश तेल विकून जगत होता, हे कुठवर चालणार?

१९९१ ला सोव्हिएत संघ संपला. ८०% हून जास्त व्यापार त्या गटाशी होता, तो दोन-तीन वर्षांत आटला. अर्थव्यवस्था तिसऱ्या हिश्श्याने आकसली. ट्रॅक्टर उभे, बैल पुन्हा जुंपले, चीनमधून सायकली आल्या. १९९२-९३ ला जीवनसत्त्वांच्या अभावाने डोळ्यांच्या नसांचा विकार पसरला, ५० हजारांवर लोकांना झाला. त्याच १९९२ साली माकपचे नेते हरकिशनसिंग सुरजीत यांच्या पुढाकाराने भारतातून १०,००० टन गहू क्युबाला गेला, साबणही गेला. फिडेल त्याला भारताचा पाव म्हणाले.

२००२ मध्ये १५६ कारखान्यांपैकी निम्म्याच्या आसपास बंद केले. आज उत्पादन ५ लाख टनांच्याही खाली आहे आणि रेशनसाठी क्युबाला साखर बाहेरून आणावी लागते. आमचे चीफ केमिस्ट हयात नाहीत ते बरंच, हे त्यांना ऐकवलं नसतं. मधल्या काळात व्हेनेझुएलाचं तेल आलं, बदल्यात साखर नव्हे, डॉक्टर गेले. तिथेही पुन्हा गिऱ्हाईक एकच. व्हेनेझुएला खचला तसे क्युबातले दिवे जायला लागले.

-----

नेफा_६२

२०१५ ला दूतावास उघडले, ओबामा जाऊन आले. मग गाडं कुठे अडलं?

-----

उसाचा_फड

पुष्कळ ठिकाणी, पण एक जागा धाग्याच्या सुरुवातीचीच आहे : भरपाई. अमेरिकेच्या आयोगाने मान्य केलेले ५,९१३ दावे अजून उभे आहेत, मूळ रक्कम जवळजवळ १९० कोटी डॉलर्स. क्युबा म्हणतो, निर्बंधांनी आमचं जे नुकसान केलं ते त्याहून कितीतरी मोठं, ते आधी बोला. १९९६ च्या हेल्म्स-बर्टन कायद्याने निर्बंध उठवणं अध्यक्षाच्या एकट्याच्या हातात ठेवलं नाही, काँग्रेस लागते. म्हणजे ४.५ टक्क्यांच्या रोख्यांचं ते भांडण अजून मिटलेलं नाही. मीनाताई, तुमच्या सहकाऱ्यांचं दुकान त्या यादीत आहे का?

-----

मीना_टँपा

नाही काका. त्या यादीत मालमत्ता गेली त्या वेळी जे अमेरिकी नागरिक होते तेवढेच. त्यांचे वडील तेव्हा क्युबन होते.

काल जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना मुद्दाम विचारलं. २०१६ ला ते पहिल्यांदा कामाग्वेइला गेले होते, ५४ वर्षांनी. दुकानाच्या जागी आता सरकारी दवाखाना आहे. दाराची चौकट आणि जमिनीवरच्या फरशा त्याच. ते फरशांकडे बघत उभे राहिले तेव्हा नर्सला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर येतेय. तिने खुर्ची दिली, रक्तदाब मोजला, कागदावर लिहून दिला. किती द्यायचे म्हणून त्यांनी पाकीट काढलं तर म्हणाली, इथे पैसे घेत नाहीत. तो कागद त्यांनी पाकिटातून काढून मला दाखवला. १५० आणि ९०.